उंच बॉनेटखालची जागा

जुनी महिंद्र जीप समोरून बघा. दिव्यांच्या वर बॉनेट एकदम उभं चढलेलं दिसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या फोटोंत जी जीप असते तिचं बॉनेट असं नाही, ते बसकं आहे. हा फरक इंजिनामुळे पडला. अमेरिकेत टोलेडो शहरातल्या विलिस-ओव्हरलँड कंपनीकडे युद्धकाळातलं 'गो डेव्हिल' इंजिन होतं. साठ घोड्यांचं, सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं. बार्नी रूस या त्यांच्या इंजिनिअरनं इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. माप तेच, २,१९९ सीसी, पण ताकद सत्तरीच्या पुढे गेली. हे 'हरिकेन' इंजिन. ताकदीबरोबर उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीनं बॉनेट आणि पुढची जाळी दोन्ही उचलली. १९५३ साली ती गाडी सीजे-३बी या नावानं बाजारात आली.

आपल्या ओळखीची जीप जन्मली ती अशी, जुन्या गाडीत नवं इंजिन बसवताना. अमेरिकेत ती १९६८ला बंद झाली. आपल्याकडे महिंद्रनं ती पुढेही कित्येक वर्षं बनवली. आणि त्याच उंच बॉनेटखाली आमच्या भागातल्या मिस्त्र्यांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. एकदोन गाड्यांत नव्हे. माझ्या उमेदीच्या काळात कोल्हापूर-सांगली पट्ट्यात रस्त्यावर दिसणारी जीप मुळातल्या इंजिनावर चालतेय, हेच विशेष वाटायचं.

मी टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर माझं आयुष्य गेलं. गाड्या मी खोलल्या नाहीत, पण गाडी डिझेल करताना जे जे घडवून घ्यावं लागतं ते माझ्या चकावरून गेलं. 'जीप डिझेल केली' असंच सगळे म्हणत. या कामाचा इतिहास कंपन्यांच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण तो पाटीवर खडूनं काढलेल्या मापांत होता आणि पाटी रोज पुसली जायची. माझं ठाम मत असं, की इंजिन उचलून दुसऱ्या गाडीत ठेवणं हे यातलं सोपं काम. साखळ्या लावल्या, चार माणसं जोडली, की ते होतं. खरी कारागिरी इंजिनाबरोबर येणाऱ्या गोष्टींत होती. त्या गोष्टी आपल्या माणसांनी अंदाजानं, अनुभवानं आणि फार प्रामाणिकपणे सोडवल्या.

आधी कारण सांगतो. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो बाराच्या आसपास गेला. पेट्रोल ही श्रीमंतांची चीज मानून सरकारनं त्यावरचा कर चढा ठेवला. डिझेलवर ट्रक, एसटी आणि शेती चाले, म्हणून ते स्वस्त ठेवलं. हरिकेन इंजिन कणखर, पण प्यायला जबरदस्त. डोंगरात, फोर-व्हील टाकून चढायचं असेल तर टाकीकडे बघवत नसे. जीप ज्याच्या पोटापाण्याची होती, त्याला ती दारात उभी करणं किंवा डिझेल करणं एवढे दोनच रस्ते उरले.

दुसरं कारण आमच्या भागाचं आहे आणि मला ते पहिल्याइतकंच मोठं वाटतं. इथल्या माणसाला डिझेल इंजिन परकं नव्हतं. विहिरीवर वीज येण्याआधी ऑइल इंजिन आलं होतं. साताऱ्याला कूपरच्या कारखान्यात महायुद्धाच्या आधीपासून डिझेल इंजिनं बनत. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ला उभी राहिली. उद्यमनगरातल्या फाउंड्र्या याच इंजिनांचे आणि पंपांचे भाग ओतून मोठ्या झाल्या. त्यामुळे नोझल साफ करणं, पंपातली हवा काढणं, लायनर बदलणं हे गावोगावच्या पोरांना येत होतं. कार्बोरेटर आणि पॉइंटची कटकट मात्र शहरातल्या मेकॅनिककडेच न्यावी लागे. जीप डिझेल झाली की ती गावातच दुरुस्त व्हायची. पेट्रोल-डिझेलच्या भावातल्या फरकाबद्दल सगळे बोलतात, दुरुस्तीतल्या या फरकाबद्दल कुणी बोलत नाही.

आणि गाड्या होत्या कुणाच्या? साखर कारखान्याच्या शेतकी खात्याच्या जुन्या जीप लिलावात निघायच्या. लष्कराच्या आणि सरकारी खात्यांच्याही निघायच्या. त्या घ्यायचे वडापवाले, म्हणजे प्रवासी भरून फेऱ्या मारणारे. एसटी जिथं दिवसातून एकदा जायची तिथं वडापची जीप दिवसभर फिरायची. माणसं पुढे, मागे, पायरीवर, मागच्या टपावर सुद्धा. हे नियमात बसणारं नव्हतं आणि त्यातून वाईट अपघातही झाले. पण बाळंतीण दवाखान्यात पोचली ती याच गाडीनं, आणि पोरं दहावीच्या परीक्षेला गेली तीही याच गाडीनं.

आता इंजिनं. जीप डिझेल करण्याचं काम महिंद्रनं स्वतःही केलं होतं. कांदिवलीला इंटरनॅशनल कंपनीच्या सहकार्यानं साठच्या दशकापासून ट्रॅक्टर बनत होते, त्यातलं बी-२७५ सगळ्यांना माहीत आहे. त्या घराण्यातलं सव्वादोन लिटरच्या पुढचं डिझेल इंजिन कंपनीनं जीपमध्ये बसवलं. ट्रॅक्टरचं म्हणजे संथ, जड आणि न मरणारं. पुढे ऐंशीच्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यातून फ्रान्सच्या पूझो कंपनीच्या परवान्याचं एक्सडीपी ४.९० आलं. आमच्याकडे सगळे 'प्युजो'च म्हणत. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०, एकूण २,११२ सीसी आणि ६२ घोडे. हे मुळात मोटारीचं इंजिन, त्यामुळे फेरे जास्त घ्यायचं आणि हलकं चालायचं. महिंद्रच्या एमएम-५४० जीपमध्ये ते होतं. अपघातात चेपलेली किंवा भंगारात निघालेली ५४० आली, की तिच्या इंजिनासाठी आधीच नंबर लागलेला असे. तिसरं इंजिन मॅटेडोर व्हॅनचं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं पुढे मर्सिडीजच्या परवान्यावर २.४ लिटरचं इंजिन बनवलं, तेही जीपमध्ये आणि अँबॅसेडरमध्ये बसलेलं मी पाहिलं आहे. जगातही हे नवं नव्हतं. १९६१पासून खुद्द अमेरिकेतल्या कंपनीनं सीजे-५ या जीपमध्ये पर्किन्सचं डिझेल मागणीनुसार बसवून दिलं. जपानात मित्सुबिशीनं याच उंच बॉनेटच्या जीपमध्ये स्वतःचं डिझेल घातलं. पण त्यांच्याकडे ड्रॉइंग ऑफिस होतं. आमच्याकडे होतं ते कॅलिपर, दोरी आणि मिस्त्र्याची नजर.

कामाची सुरुवात मधल्या प्लेटनं व्हायची. इंजिनाच्या पाठीमागचे बोल्ट एका मांडणीचे, गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगचे दुसऱ्या. दोघांच्या मध्ये पोलादाची जाड प्लेट येते, तिला एका तोंडावर एकाची भोकं आणि दुसऱ्या तोंडावर दुसऱ्याची. मिस्त्री जाड कागद इंजिनाच्या पाठीवर धरायचा, बॉलपीन हातोडीनं कडांवर हलके ठोकायचा, आणि भोकांचे ठसे कागदावर कापले जायचे. तो कागद घेऊन तो माझ्याकडे येई. भोकं पाडणं हे ड्रिलवाल्याचंही काम आहे. माझं काम मध्याचं. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवा. पाच थाऊच्या, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाच्या वर फरक गेला, की गाडी चालते, पण क्लचमध्ये घरघर सुरू होते, गिअर सुटतो आणि काही महिन्यांत शाफ्टचं बेअरिंग जातं. म्हणून चांगला मिस्त्री प्लेट बोल्टवर टेकू द्यायचा नाही. बोल्टला भोकात थोडी जागा असतेच, त्यावर मध्य ठरत नाही. तो दोन डॉवेल मागायचा, घट्ट बसणाऱ्या पिना. फ्लायव्हीलवर डायल गेज चिकटवायचा, क्रँक हातानं फिरवायचा, काटा बघायचा आणि मगच डॉवेलची भोकं रीम करायचा. ही शिस्त कुणी त्यांना शाळेत शिकवली नव्हती.

त्यानंतर पायलट बुश. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या पाठीतल्या भोकात टेकतं. डिझेलचं भोक मोठं, जीपच्या शाफ्टचं टोक बारीक. त्यांच्यामध्ये गनमेटलचा बुश. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती सैल झाली तर वरची सगळी मेहनत वाया. क्लच प्लेट तर दोन गाड्या जोडूनच बनवायची. घेर डिझेलच्या फ्लायव्हीलचा आणि मधला बॉस जीपच्या शाफ्टचा. तीन गिअरच्या टी-९० गिअरबॉक्सचा तो शाफ्ट दहा दातांचा. रिव्हेट काढून मधला बॉस बदलायचा आणि पुन्हा रिव्हेट मारायचे.

काही जण म्हणायचे, एवढा खटाटोप कशाला, इंजिनाबरोबर त्याचाच चार गिअरचा बॉक्स आणा. त्यानं प्लेटचा प्रश्न सुटे, पण दुसरा उभा राही. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अवघं ८० इंच. मागचा प्रोपेलर शाफ्ट मुळातच आखूड. गिअरबॉक्स लांब झाला की तो आणखी आखूड करायचा, आणि मग त्याच्या दोन टोकांचे जॉइंट मोठ्या कोनात फिरायला लागतात. गाडी ओझ्यानं खाली-वर झाली की कोन आणखी वाढतो. म्हणून जुने मिस्त्री टी-९०च राखत, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं.

इंजिन ज्यावर बसतं त्याला आमच्याकडे फाउंडेशन म्हणतात. रबराच्या गाद्या आणि चेसिसला जोडलेले ब्रॅकेट. चार सिलिंडरचं डिझेल आयडलवर असताना अंग झटकतं. गाद्या मऊ पडल्या तर पंखा रेडिएटरला लागतो. कडक पडल्या तर हादरा चेसिसमध्ये जातो आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग पडते. ही भेग पहिल्या पावसाळ्यानंतर दिसायची. पुढे वजन वाढलं म्हणून कमानीत एक पाटा वाढवायचा, नाहीतर गाडी नाक खाली घालून चालायची.

इंजिन खाली ठेवून बघितलं की बहुतेक वेळा ऑइल सम्प पुढच्या डिफरन्शिअलवर येई. इंजिन वर उचललं तर बॉनेट लागतं. इथं त्या उंच बॉनेटनं फार साथ दिली, पण तीही एका मर्यादेपर्यंत. मग सम्प कापायचा, खोलगट भाग मागे सरकवून वेल्ड करायचा आणि ऑइल पंपाची जाळी तिथपर्यंत नेणारी नळी वाकवायची. वेल्डिंग गळतंय का हे बघायची रीत सुंदर होती. बाहेरून जोडावर चुन्याचा किंवा खडूचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, आणि आत रॉकेल ओतून ठेवायचं. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पांढऱ्यावर काळसर ठिपका उमटतो. मोठ्या कारखान्यांतही टाक्या याच रीतीनं तपासतात.

ब्रेकची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण इथं एक बदल पुढच्या चार बदलांना ओढून आणतो. जुन्या जीपला साधे ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. इंजिन जड झालं, गाडी माणसांनी भरून घाटातून उतरायला लागली, म्हणून शहाण्या मालकांनी बूस्टर मागितला. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तो आपोआप तयार होतो, कारण तिथं हवा अडवणारी झडप असते. डिझेलमध्ये हवा मोकळी आत जाते, व्हॅक्यूम मिळत नाही. तो काढायला वेगळा पंप लागतो, त्याला गॅरेजमध्ये एक्झॉस्टर म्हणतात. तो आल्टरनेटरच्या पाठीला बसतो. म्हणजे जुना डायनमो काढून आल्टरनेटर आला. एक्झॉस्टरला वंगण लागतं, म्हणून इंजिनातून ऑइलची बारीक नळी त्याच्याकडे आणि परतीची जाड नळी सम्पाकडे. परतीची नळी बारीक ठेवली, तर ऑइल एक्झॉस्टरमध्ये तुंबतं. आणि आल्टरनेटरचा पट्टा क्रँकच्या पुलीशी सरळ रेषेत यायला हवा, म्हणून त्याचा ब्रॅकेट पुन्हा माझ्याकडे यायचा. गाडी थांबवायच्या एका साध्या गरजेपायी एवढं सगळं.

बाकी गोष्टी लहान, पण एकही टाळता न येणारी. टाकीला परतीची लाइन काढायची, कारण पंप आणि नोझलमधून उरलेलं डिझेल मागे जातं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा. सकाळी इंजिन तापवायला हीटर प्लग, त्यांना झेपेल अशी जाड वायर आणि मोठी बॅटरी. किल्ली बंद केली तरी डिझेल थांबत नाही, म्हणून पंपाच्या लिव्हरला ओढायची स्टॉप वायर, डॅशबोर्डवर काळ्या गुंडीची. रेडिएटर पुढे सरकवून त्याला जाड कोर घालायचा. पंखा एका सपाट पट्टीनं कोरपासून सगळीकडे सारखा आहे का ते बघायचं.

एवढं करून गाडी रस्त्यावर आली, की शेवटचा प्रश्न मागच्या ॲक्सलमध्ये दिसायचा. मुळातला क्राउन-पिनिअन ८/४३, म्हणजे ५.३८. पेट्रोल इंजिन चार हजार फेरे घेई म्हणून ते चालून गेलं. सहा-सोळाच्या टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेतं. ट्रॅक्टरच्या वंशातल्या डिझेलला याच्यापुढे फार जागा उरत नाही. म्हणून ज्यांना हायवेला चालवायची ते ८/३९ घालायचे. डोंगरातले वडापवाले मात्र ८/४३ सोडत नसत. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये क्लच न जाळता उचलते, एवढंच त्यांना हवं होतं. पश्चिमेला हौशी लोक इंजिन बदलतात ते वेगासाठी. १९५५नंतर शेवरोलेचं छोटं व्ही-८ इंजिन तिथं जुन्या फोर्डमध्ये भराभर बसलं. आमच्या माणसाचा हिशेब रुपयामागे किती किलोमीटर हा होता.

याच काळात आपल्या मोटार कंपन्या काय करत होत्या, तेही नोंदवायला हवं. १९८५च्या सुमाराला कुर्ल्याच्या प्रीमियरनं ११८ एनई काढली. तिचं अंग इटलीच्या फियाट १२४चं आणि इंजिन जपानच्या निसानचं, १,१७१ सीसी. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं अंग. त्यात आधी अँबॅसेडरचं १,४८९ सीसीचं इंजिन, पुढे इसुझुचं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं रोव्हरच्या देखण्या गाडीत जुन्या व्हॅन्गार्डच्या वंशातलं दोन लिटरचं इंजिन घातलं, आणि ती चालली नाही. परदेशी भाग आणायला परवाने लागत. जे मिळालं ते जुळवायचं, ही देशभरची रीत होती. आमचे मिस्त्री करत होते ते याच रीतीचं काम, फक्त त्यांच्या नावानं जाहिराती निघाल्या नाहीत.

आरटीओत जाऊन आरसी बुकावर इंधन आणि इंजिन नंबर बदलून घेण्याची पद्धत होती. इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटायचा, तो अर्जाला जोडायचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात २००० साली दुरुस्ती झाली आणि गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करायची मुभा आकसली. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला. मी या कडकपणाच्या विरोधात नाही. डायल गेज न लावता, बूस्टर न घालता, नुसत्या वेल्डिंगवर सोडलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत आणि त्या माणसं भरून घाटात जात होत्या. माझं म्हणणं एवढंच, की चांगलं काम तपासून त्याला शिक्का देणारी व्यवस्था कधी उभीच राहिली नाही. म्हणून चांगलं आणि वाईट काम कायद्यापुढे एकच ठरलं.

धंदा थांबला तो एकट्या कायद्यामुळे नाही. २०००मध्ये बोलेरो आली ती कारखान्यातूनच डिझेल होऊन. पुढच्या इंजिनांत वायरिंगचं जाळं आणि कॉम्प्युटर आला. त्यांना नुसती प्लेट जोडून भागत नाही, सगळे सेन्सर सोबत न्यावे लागतात. ऑक्टोबर २०१४ला डिझेलचा भाव नियंत्रणातून सुटला आणि मूळ कारणच पातळ झालं. आता जुनी जीप घेतात ते डॉक्टर, वकील, बागायतदारांची पोरं. त्यांना हरिकेनच परत बसवायचं असतं. हौस मोठी आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण ते येतात तेव्हा आधी डिझेलचं सगळं काढून भंगारात घालतात, आणि त्यातच ती मधली प्लेट जाते.

माझी त्यांना विनंती आहे. प्लेट घालवण्यापूर्वी तिच्यावर जाड कागद ठेवून दोन्ही तोंडांचे ठसे घ्या. मधल्या बोअरचा व्यास व्हर्निअरनं मोजा, प्लेटची जाडी मोजा, दोन डॉवेलमधलं अंतर लिहा. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स आणि कुठल्या गावात काम झालं, तेही लिहा. बहुतेक प्लेटांवर एका कोपऱ्यात सेंटर पंचनं मारलेली खूण असते, ठिपक्यांचं एखादं अक्षर. ती मिस्त्र्याची असते. तिचा फोटो काढायला विसरू नका, कारण त्या खुणांवरून कुणाची प्लेट कुठवर गेली हे सांगू शकणारी माणसं उद्यमनगरात अजून आहेत.